माशी, पूर आणि आमची रजा

आफ्रिकेतल्या सफारीत घोडा आणि कनू नावाची होडी दोन्ही एकाच कॅम्पवरून करता येईल, असं एका एजन्सीने आम्हाला छातीठोकपणे सांगितलं. कोटेशनही आलं, वर सूर्यास्ताचा फोटो. मी नकाशा काढून बसले, थोडं वाचलं आणि संध्याकाळपर्यंत खात्री पटली की हे होणार नाही. आड येते ती एक माशी.

कनू म्हणजे उघडी, दोन्ही टोकांना निमुळती, दोघांनी एकेरी पात्याच्या वल्ह्याने चालवायची होडी. प्राण्यांच्या मधून ती चालवत जायचं असेल तर झांबेझी नदीचा करिबा धरणाच्या खालचा पट्टा गाठावा. उजव्या तीरावर झिम्बाब्वेचं माना पूल्स, डाव्या तीरावर झांबियाचं लोअर झांबेझी राष्ट्रीय उद्यान आणि मध्ये वाळूच्या बेटांत फाटत जाणारी पसरट नदी. पण याच खोऱ्यात त्सेत्से माशी आहे. ती चावते आणि रक्तात एक परजीवी सोडते. रानम्हशी, हरणं तो परजीवी अंगात बाळगून मजेत राहतात. घोडा मात्र 'नागाना' रोगाने खंगत जातो आणि मरतो. त्यामुळे तिथे घोडे पाळायच्या भानगडीत कोणी पडत नाही.

बोट्स्वानातल्या ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशातही ही माशी होती. २००१ आणि २००२ साली तिथे रात्री विमानांतून औषध फवारून ती हटवली. म्हणून घोड्यावरची सफारी ओकावांगोत, कनू झांबेझीवर, आणि मध्ये एक सरहद्द. त्या एजन्सीला मी हे विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, तिथे होडीही असते ना." असते. तिला मोकोरो म्हणतात आणि त्यात आपण नुसतं बसायचं असतं. तिच्याबद्दल पुढे.

आम्ही चौघं होतो: मी, नवरा, माझी नणंद आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी. जीपमध्ये बसून सिंह बघण्याची हौस पूर्वी केनियात भागली होती. तिथे दिवसभर बसून बसून पाय सुजले, म्हणून या वेळी अंग हलवायचं असं ठरलं. ठरवलं नणंदेने. ती रोज पर्वती चढते.

आधी महिना ठरवायचा होता. आपल्याला वाटतं, रजा बघावी आणि तिकीट काढावं. इथे रजेला शेवटचा नंबर. ओकावांगोला पाणी येतं ते अंगोलाच्या उंच भागातून. तिकडे नोव्हेंबर ते मार्च पाऊस पडतो, ते पाणी नद्यांतून बोट्स्वानात उतरतं आणि त्रिभुज प्रदेशात पसरतं. जमिनीला उतार इतका कमी की पाणी अक्षरशः रांगत जातं. दक्षिणेच्या टोकाला, माउन गावापाशी, ते जून-जुलैत पोहोचतं. तोवर तिथला स्वतःचा पाऊस थांबून महिने झालेले असतात. म्हणजे ऐन कोरड्या थंडीत पूर. ही नदी समुद्राला मिळत नाही, बहुतेक पाणी तिथेच झाडं पिऊन टाकतात नाहीतर उन्हाने उडून जातं. घोड्याच्या पोटापर्यंत पाणी हवं असेल तर हेच दिवस. त्याआधी, पावसाच्या सुमारास, घोड्यांना आफ्रिकन हॉर्स सिकनेस नावाच्या रोगाचा धोका असतो. तो पसरवतात बारीक चिलटं.

अर्थात अंगोलात पाऊसच झाला नाही तर सगळं मुसळ केरात. २०१९ साली पूर इतका क्षीण आला की माउनची नदी कोरडी राहिली. याची हमी कोणी देत नाही आणि देणाऱ्यावर मी विश्वास ठेवला नसता.

झांबेझीचं गणित वेगळं. करिबा धरण १९५९ पासून उभं आहे आणि खाली जे पाणी वाहतं ते मुख्यतः दोन्ही देशांच्या वीजकेंद्रांच्या टर्बाइनमधून सुटलेलं. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग केलेल्यांना हे लगेच कळेल, तिथेही भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून सकाळी पाणी सुटलं तरच राफ्ट निघते. फरक एवढाच की करिबाचं पाणी कमी झालं की दोन देश अंधारात जातात. २०२४ च्या दुष्काळात झांबियात दिवसाचे कित्येक तास वीज नव्हती. कनूच्या सहली नेणाऱ्या ज्यांच्याशी आम्ही बोलत होतो त्यांनी सांगितलं, पाणी कमी असलं तर कनू चालते, पण वाळूचे दांडे वर येतात, वळसे वाढतात आणि मधूनमधून उतरून ढकलावी लागते. ऑगस्टपासून दुपारी समोरून वारा सुटतो. ऑक्टोबरात प्राणी भरपूर, पण ऊन चाळिशीच्या वर आणि नदीवर सावली नाही.

एवढं सगळं कागदावर मांडलं तेव्हा जूनचा पहिला पंधरवडा उरला. दोन्हीकडे पाणी, वारा नाही, माशा कमी आणि जुलैत वाढणारे दर अजून वाढलेले नाहीत. तोटा एकच, गवत उंच असतं आणि त्यात बसलेला सिंह दिसत नाही. नणंदेच्या कॉलेजात तेव्हा प्रवेशाची धांदल. तिने प्राचार्यांना काय सांगितलं ते मला माहीत आहे, पण लिहिणार नाही.

घोड्याच्या कॅम्पकडून एक फॉर्म आला. त्यात पहिला प्रश्न वजनाचा. पूर्ण कपडे आणि बूट घालून किती किलो? बहुतेक ठिकाणी नव्वद-पंच्याण्णवच्या वर घेत नाहीत, आणि तिथे पोहोचल्यावर काट्यावर उभं करतात. भावोजी नव्वदीच्या बरेच पलीकडे. त्यांनी संध्याकाळचं फरसाण सोडलं, मग भात सोडला, मग आमच्याशी बोलणं सोडलं. शेवटी स्वतःच म्हणाले, "वहिनी, माझ्यापायी घोड्याला शिक्षा नको. मी कनूला येतो, घोड्याच्या वेळी मला जीप द्या." कॅम्पवाल्यांना विचारलं तर घोड्यावर न बसणाऱ्यांची सोय ते करतात, फक्त आधी सांगावं लागतं, कारण त्यासाठी वेगळा मार्गदर्शक लागतो.

दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. तुम्ही मोकळ्या मैदानात भरधाव घोडा आवरू शकता का? आपल्याकडच्या बहुतेकांचा घोड्याचा अनुभव म्हणजे माथेरानचं दस्तुरी नाका ते बाजारपेठ. पुढे घोडेवाला चालतो, मागे आपण लाल धुळीत फोटो काढत. त्याला बसणं म्हणतात, स्वारी नव्हे. ओकावांगोत दिवसाला चार ते सहा तास खोगिरावर काढायचे असतात, वाटेत पाणी आणि उधईची वारुळं, आणि समोर हत्ती आला तर मागे वळून पळायचं. पोहोचल्यावर छोटी चाचणी घेतात. त्यात नापास झालात तर तुम्हाला जीपमध्ये बसवतात आणि पैसे परत मिळत नाहीत. हे अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं आणि मला ते आवडलं. जिथे हा प्रश्नच विचारत नाहीत तिथे जाऊ नये, असं माझं मत झालं आहे.

मग पुण्यात रायडिंग स्कूल. शिकवणारे सर घोडदळातून निवृत्त झालेले, मिशा अजून नोकरीवर. पहिले काही आठवडे आम्ही एका गोल रिंगणात दोरीला बांधलेल्या घोड्यावर फिरत होतो. चालीपर्यंत ठीक होतं. दुडकी सुरू झाली आणि दातावर दात आपटायला लागले. दुडकीत घोड्याचे तिरके पाय जोडीने पडतात, त्या ठेक्यावर आपण एकदा उठायचं, एकदा बसायचं. उठायचं मांड्यांच्या जोरावर, लगाम ओढून नाही. मी लगामाला लोंबकळत होते. सर म्हणाले, "मॅडम, तो पीएमटीच्या बसचा दांडा नाही. त्याच्या तोंडात लोखंड आहे." त्या वाक्याने माझं काम झालं. हात सैल सुटले आणि घोडाही निवळला.

त्यांचा आणखी एक हट्ट होता, टाच खाली. रिकिबीत पायाचा चवडाच, टाच जमिनीकडे. टाच वर गेली तर पाय रिकिबीतून आत सरकतो आणि पडल्यावर अडकतो. पडायचं कसं हेही त्यांनी शिकवलं, म्हणजे पडल्यावर काय करायचं ते शिकवलं, पडणं आमचं आम्ही केलं. भरधाव आवरायची युक्ती म्हणजे सरळ ओढत बसू नये, मोठ्या वर्तुळात वळवत न्यावं. रिंगणात हे सोपं वाटतं. म्हणून शेवटी त्यांनी आम्हाला पहाटे बाहेर मोकळ्यावर नेलं, तिथे एका कुत्र्याने पाठलाग केला आणि ती खरी परीक्षा ठरली. फॉर्म भरताना मी 'मध्यम' लिहिलं, नणंदेने 'चांगली'. तिची मांड माझ्यापेक्षा पक्की आहे, हे मान्य करायलाच हवं.

नवऱ्याला वाटत होतं, पाण्याचा भाग आपला. तो पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचा, तिथे असताना मुळा नदीवर रेगाटा या होड्यांच्या उत्सवात पंट फॉर्मेशनमध्ये, म्हणजे सपाट तळाच्या होड्यांच्या रचनेत, बांबू मारायचा. पण पंट बांबूने रेटतात आणि उभं राहून. कनूत बसून वल्हवायचं, आणि मागे बसलेल्याने दिशा सांभाळायची. आम्ही मुळशीच्या पाण्यावर सराव केला. तिथे कनू मिळाली नाही, दोघांची कयाक मिळाली, वल्ही मात्र आम्ही एकेरी पात्याची जमवली. मागचा माणूस नुसता जोर लावत राहिला तर होडी दुसऱ्या बाजूला फिरते. प्रत्येक ताणाच्या शेवटी वल्ह्याचं पातं बाहेरच्या बाजूला किंचित वळवायचं, की नाक सरळ राहतं. हे नवऱ्याला कळेपर्यंत आम्ही धरणात गोल फिरत होतो. मी पुढून म्हणायची, "अरे, उजवीकडे," तो मागून म्हणायचा, "तू वल्हव, बघू नकोस." शेवटी जागा बदलल्या. मी मागे बसले आणि झांबेझीवरही मागेच बसले.

पाणघोड्यांचे नियम लेखी आले होते, ते मी सगळ्यांकडून मोठ्याने वाचून घेतले. पाणघोडा घाबरला की खोल पाण्याकडे धावतो. तेव्हा आपण उथळ बाजूने जायचं आणि त्याच्या व खोल पाण्याच्या मध्ये कधीही यायचं नाही. काठावर चरणारा सगळ्यात वाईट, कारण त्याला पाण्यात उडी घ्यायची असते आणि उडीच्या वाटेवर तुम्ही असता. मार्गदर्शक वल्ह्याने होडीच्या कडेवर ठकठक करतो, म्हणजे बुडून बसलेले पाणघोडे डोकं वर काढतात आणि कुठे आहेत ते कळतं. सगळ्या होड्या एका रांगेत, त्याने ज्या बाजूने नेली त्याच बाजूने. मगरी असल्यामुळे हात पाण्यात सोडायचा नाही. भावोजींनी विचारलं, "आणि होडी उलटली तर?" उत्तर होतं, होडी सोडून द्या आणि जवळच्या काठाकडे पोहा. म्हणून पोहता येणं ही अट. त्यांना येतं, विहिरीत शिकलेत.

मार्ग असा बसवला: मुंबईहून अदिस अबाबा, तिथून झांबियाची राजधानी लुसाका. लुसाकाहून गाडीने झांबेझीचा काठ, काफुए नदी मिळते त्या भागातून खाली होडीने. मग परत लुसाका, विमानाने लिव्हिंग्स्टन, गाडीने कझुंगुला. तिथला झांबेझीवरचा पूल २०२१ मध्ये सुरू झाला, ९२३ मीटर लांब, आणि झिम्बाब्वेच्या हद्दीला पाय लागू नये म्हणून चक्क वाकवून बांधलेला. त्याआधी फेरीबोट होती आणि ट्रकवाले रांगेत दिवसच्या दिवस काढत. पुलापलीकडे बोट्स्वानातलं कसाने, तिथून छोट्या विमानाने ओकावांगो. परतीचं तिकीट माउन–जोहान्सबर्ग–अदिस–मुंबई, आणि एकाच बुकिंगवर. वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडत होती, पण मग जोहान्सबर्गला सामान घ्यायला बाहेर यावं लागलं असतं, म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा. आधी कनू आणि मग घोडा हा क्रमही मुद्दाम. सहा तास खोगिरावर काढलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कनूत पाय पसरून बसा म्हणणं हा छळ आहे.

अदिसमुळे पिवळ्या तापाची लस आली. इथिओपिया आपल्या सरकारच्या यादीत आहे, त्यामुळे तिथून परतताना प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावरून सरळ विलगीकरणात नेऊ शकतात. लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते, तीही ठरावीक वारी, आणि मूळ पासपोर्ट लागतो. प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून ग्राह्य आणि आता ते जन्मभर चालतं. साठी ओलांडलेल्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ही लस घेऊ नये.

मलेरियाच्या गोळ्यांवरून थोडी चर्चा झाली. डॉक्सिसायक्लिन स्वस्त, पण तिने कातडी उन्हाला हळवी होते, आणि आम्ही दिवसभर नदीवर उघड्यावर. शिवाय परत आल्यावर चार आठवडे घ्यायची. आमच्या डॉक्टरांनी अ‍ॅटोव्हाकोन-प्रोग्वानिल दिली, महाग, पण परतल्यावर सात दिवसांत संपते.

विम्याच्या बाबतीत मात्र मी चिवटपणा केला. नेहमीच्या प्रवास विम्याच्या पॉलिसीत 'साहसी खेळ' वगळलेले असतात आणि घोडेस्वारी त्यात धरायची की नाही हे फोनवरच्या मुलालाही माहीत नसतं. तो म्हणाला, "मॅडम, कव्हर्ड आहे." मी म्हटलं, ईमेलवर लिहून पाठवा. दोन कंपन्यांकडून ईमेल आलाच नाही. तिसरीने जादा हप्ता घेऊन घोडा, कनू आणि जंगलातून विमानाने दवाखान्यात हलवण्याचा खर्च, तिन्ही गोष्टी लेखी दिल्या. हलवण्याचा खर्च नसेल तर बाकीच्या विम्याला अर्थ नाही, कारण घोड्यावरून पडल्यावर जवळचा रस्ता विमानातूनच जातो.

सामानाला माणशी वीस किलोची मर्यादा, हातातली पिशवी धरून, आणि बॅग मऊ हवी. छोट्या विमानाच्या पोटातल्या कप्प्यात चाकांची कडक बॅग शिरतच नाही. कपड्यांत निळा आणि काळा रंग बाद, त्सेत्से माशी गडद निळ्यावर धावून येते. तिला पकडायचे सापळेही निळ्या कापडाचेच असतात. लष्करी छापाचे कपडे झांबियात सामान्य माणसाने घालणं बेकायदा, त्यामुळे भावोजींची लाडकी ट्रेकिंगची पँट घरी राहिली. जूनमध्ये ओकावांगोत पहाटे पारा शून्याच्या जवळ उतरतो, हे आफ्रिका म्हटल्यावर कोणाच्या डोक्यात येत नाही. लोकरी टोपी न्यावी. घोड्याचे बूट घासून धुऊन न्यावेत, एका तबेल्याची घाण दुसऱ्या तबेल्यात नको असा त्यांचा आग्रह असतो. बोट्स्वानाच्या सरहद्दीवर तर लाळ्या-खुरकुतामुळे चपला-बुटांचे तळवे औषधात बुडवायला लावतात.

पैशांचं सांगायचं तर कनूचा भाग तंबूत झोपून, स्वतः हातभार लावून केला तर त्या मानाने परवडतो. ओकावांगोतला घोडा महाग आहे, आमच्याकडे आलेले दर माणशी रात्रीला हजार डॉलरच्या आगेमागे होते. परदेशात पैसे पाठवायला बँकेत ए-टू हा परकीय चलनाचा फॉर्म, पॅन, आणि वर टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा कर. तो आयकराच्या विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात, तेवढी सोय हातात ठेवावी.

आता मोकोरो. बायेई लोकांनी ओकावांगोत आणलेली ही लांब, अरुंद होडी. पूर्वी एका झाडाच्या खोडातून कोरायचे, आता झाडं वाचावीत म्हणून बहुतेक फायबरग्लासच्या. मागे उभा माणूस लांब काठीने रेटतो आणि दोघं पुढे पाय पसरून बसतात. आम्ही घोड्यावर असताना भावोजी रोज सकाळी तिच्यात. एका दुपारी होडीवाल्याने नवऱ्याला काठी दिली. बोरूच्या बेटात एकदा रुतली, पण पुढे सरळ गेली, तेव्हा मुळेवरची मेहनत वाया गेली नव्हती. परतल्यापासून सासूबाई विचारतायत, आम्हाला नेशील का. त्या पंच्याहत्तरीच्या, गुडघे कुरकुरतात. त्यांच्यासाठी झांबेझी नाही आणि घोडा तर नाहीच. पण जुलैत, पूर वर असताना, सकाळचे दोन तास मोकोरो आणि बाकी वेळ कॅम्पवर, असं बसवता येईल. विमानात चढायची शिडी किती पायऱ्यांची असते ते मी विचारून ठेवलं आहे, उत्तर यायचं आहे.